आधी गटार, मग पाइप, शेवटी हॉटमिक्स

वाचकांचे प्रश्न : वस्तीतले रस्ते

पाऊस ओसरला की पालिका आणि पंचायतींत रस्त्यांच्या याद्या फिरू लागतात. त्या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे रस्ते व गटार बांधणीत काम करणाऱ्या अभियंत्यांनी लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या गल्लीत चार वर्षे खड्डे आहेत. यंदा पालिकेने शेजारच्या गल्लीला हॉटमिक्स (गरम डांबर-खडीचा थर) केले, तिथे नुसत्या बारीक भेगा होत्या. चांगल्या रस्त्याला पैसे आणि वाईट रस्त्याला वाटाण्याच्या अक्षता, हा कुठला न्याय? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : वशिला नसेलच असे छातीठोकपणे सांगता येत नाही, पण नुसत्या हिशेबाने पाहिले तर हा निर्णय बरोबर असू शकतो. रस्ता दरवर्षी सारखाच खराब होत नाही. पहिली काही वर्षे डांबर सुकत जाते, बारीक भेगा पडतात, वाहन चालवणाऱ्याला काही जाणवतही नाही. एकदा का त्या भेगांतून पाणी खालच्या खडीत उतरू लागले की मग दोन-तीन पावसाळ्यांत रस्ता संपतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भेगा असताना भेगा बुजवून वर पातळ थर दिला तर खालची खडी वाचते. ती एकदा चिखलात मिसळली की सगळे उकरून नव्याने बांधावे लागते, आणि तेवढ्याच लांबीला खर्च कित्येक पट येतो.

यासाठी जगभर रस्त्यांना ० ते १०० गुण देण्याची पद्धत वापरतात. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी ती विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी आणि रस्त्यांसाठी बसवली. भेगा, खड्डे, खचलेली जागा, निघालेली खडी, प्रत्येकाचे क्षेत्रफळ आणि तीव्रता मोजून गुण वजा करत जायचे. साधारण ७० च्या वर असलेल्या रस्त्याला भेगा भरणे आणि पातळ थर पुरतो. ४० ते ७० च्या मधल्याला आधी पॅचिंग आणि मग पूर्ण थर. ४० च्या खाली गेलेल्याला वर कितीही हॉटमिक्स घातले तरी ते पैसे पाण्यात, तो खणून बांधायचा. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची भेग दिसली तर समजावे की खालचा पाया गेला आहे. त्यावर दिलेला थर पुढच्याच पावसात त्याच नक्षीने फुटतो.

म्हणून निधी तीन भागांत वाटावा लागतो : टिकवण्यासाठी, थर देण्यासाठी आणि पुनर्बांधणीसाठी. सगळाच पैसा 'सर्वांत वाईट आधी' या न्यायाने घातला तर दरवर्षी चार गल्ल्या नव्या होतात आणि तोवर दहा बऱ्या गल्ल्या वाईटांच्या रांगेत जाऊन बसतात. त्याहून वाईट पद्धत म्हणजे प्रभागाला समान वाटणी. प्रत्येक नगरसेवकाला शंभर-दीडशे मीटरचा तुकडा मिळतो आणि दर तुकड्याच्या टोकाला एक सांधा. रस्ता आधी सांध्यातच उखडतो.

तुमच्या गल्लीपुरते बोलायचे तर पालिकेकडे 'हॉटमिक्स करा' असा अर्ज देऊ नका. 'रस्ता पुनर्बांधणीच्या यादीत आहे का, कितव्या क्रमांकावर, कोणत्या वर्षी?' असे लेखी विचारा. आणि तोपर्यंत गटार दुरुस्त करून मागा. चार वर्षे खड्डे एकाच ठिकाणी पडत असतील तर तिथे पाणी थांबते, एवढे नक्की.

प्रश्न : नवा रस्ता झाला की दोन महिन्यांत कोणीतरी येऊन फोडतो. आधी मलनिस्सारण, मग वीज, मग इंटरनेटवाले. हे सगळे एकत्र बसून ठरवत का नाहीत? (तीन वाचक, मडगाव आणि फातोर्डा)

उत्तर : कारण प्रत्येक खात्याचा निधी वेगळ्या दिवशी मंजूर होतो आणि रस्त्याची मालकीही एकाची नसते. गल्ली पालिकेची, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, मलवाहिनी मलनिस्सारण महामंडळाची, केबल वीज खात्याची. पणजीत स्मार्ट सिटी आणि मलनिस्सारणाच्या कामांसाठी एकाच काळात अनेक रस्ते खोदले गेले, तेव्हा भरलेल्या चरांत अवजड वाहने रुतल्याचे सगळ्या गोव्याने पाहिले. तिथे कामे एकत्र आली खरी, पण क्रम आणि दबाईला वेळ, दोन्ही कमी पडले.

क्रम असा असतो. सर्वांत खोल जाते ते आधी : मलवाहिनी, तिचे चेंबर आणि प्रत्येक घराची जोडणी. घरजोडणी इथे कळीची. मुख्य वाहिनी घालून, 'जोडण्या नंतर बघू' म्हणत रस्ता केला तर पुढे प्रत्येक घरासमोर एक आडवा चर पडतो. त्यानंतर पावसाळी गटार, मग पाण्याची वाहिनी, मग वीज. कमी दाबाची केबल किमान ७५ सेंटिमीटर खोल आणि ११ केव्हीची किमान ९० सेंटिमीटर खोल असावी, वाळूच्या गादीवर, वर विटा किंवा फरशी आणि इशाऱ्याची पट्टी. शेवटी इंटरनेट आणि गॅस. शिवाय दर चाळीस-पन्नास मीटरवर आणि प्रत्येक चौकात पुढच्या केबलींसाठी दोन रिकामे पीव्हीसी पाइप रस्त्याखालून आडवे टाकून, आत नायलॉनची दोरी ओढून, तोंडे बंद करून ठेवायची आणि नकाशावर त्यांची जागा नोंदवायची. हे पाइप पूर्ण कामाच्या मानाने कवडीमोल असतात. अंदाजपत्रकातून सर्वांत आधी तेच कापले जातात.

गोव्याचे कामाचे वर्ष ऑक्टोबर ते मे. त्यातून डिसेंबरची पर्यटकांची गर्दी, कार्निव्हल आणि शिगमोच्या मिरवणुकांचे मार्ग, गावची जत्रा, फेस्त, दहावी-बारावीच्या परीक्षा वजा करा. उरतात ते दिवस असे वापरावे लागतात :

जुलै-ऑगस्टमध्ये भर पावसात पाहणी, कारण पाणी कुठे थांबते ते तेव्हाच दिसते. मार्चमध्ये पाहणी करणाऱ्याला सगळे रस्ते सारखेच दिसतात. सप्टेंबरमध्ये अंदाजपत्रक, आणि सर्व खात्यांना 'पुढच्या पाच वर्षांत या रस्त्यात काय घालणार?' असे पत्र. ऑक्टोबरमध्ये निविदा. नोव्हेंबर ते जानेवारी पाइप, चेंबर, गटारे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खडीचे थर. मार्च-एप्रिलमध्ये डांबर. मे महिना राखीव, कारण काहीतरी लांबतेच. अर्थात निविदा जानेवारीत निघाली की हे वेळापत्रक कोसळते आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात ढग भरून आलेले असताना हॉटमिक्स पडते. अशा वेळी डांबर पुढच्या हंगामावर ढकलून खडीचा थर नीट दाबून, त्यावर प्राइम कोट (खडीत मुरणारे पातळ डांबर) आणि पाणी अडवणारा पातळ सील देऊन पावसाळा काढणे शहाणपणाचे. मात्र तो निर्णय घेणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात.

पालिकेने एक ठराव करून घ्यावा : नव्या रस्त्यावर ठरावीक वर्षे खोदबंदी, अपवाद फक्त गळती आणि बिघाडाचा, आणि अपवादात खोदणाऱ्याकडून पूर्ण रुंदीच्या थराची अनामत. फक्त चरापुरती अनामत घेतली तर कोणीच थांबत नाही.

प्रश्न : मलनिस्सारणाचा चर बुजवून वर हॉटमिक्सही केले, तरी पावसात तो लांबच्या लांब खचला. उताराचा रस्ता आहे, खाली जांभाच आहे. जांभा तर घट्ट असतो ना? (एक वाचक, वास्को)

उत्तर : न खणलेला जांभा घट्ट असतो. खणून काढलेला जांभा म्हणजे ढेकळे आणि लाल माती. ढेकळे परत चरात ढकलली की त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात आणि पहिल्या पावसात बारीक माती त्या पोकळ्यांत उतरते. वरचे डांबर काही दिवस पुलासारखे तरंगते आणि मग एका टिपरखाली बसते.

उतारावर दुसरीही गोष्ट घडते. घट्ट जांभ्यात खणलेला चर हा जमिनीखालचा ओहोळच होतो. डोंगरातून पाझरणारे पाणी सोपी वाट शोधत चरातल्या वाळूतून खाली वाहते आणि जाताना वाळू घेऊन जाते. म्हणून तीव्र उतारावर दर दहा-पंधरा मीटरवर चराच्या पूर्ण रुंदीत चिकणमातीचा किंवा काँक्रीटचा आडवा बांध घालायचा आणि खालच्या टोकाला साचलेले पाणी पाइपने गटारात काढून द्यायचे. आपल्याकडच्या अंदाजपत्रकांत ही बाब क्वचितच असते.

भराव असा हवा : पाइपखाली १० ते १५ सेंटिमीटर वाळूची गादी. पाइपच्या दोन्ही बाजूंनी आणि वर ३० सेंटिमीटरपर्यंत निवडक बारीक माल, हाताच्या धुम्मसाने दाबलेला. त्यावर १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नाही अशा थरांत खडीमिश्रित माल, बेताचे पाणी मारून, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला. दोन मीटर खोल चरात असे नऊ-दहा थर येतात. जेसीबीने एका दुपारी शंभर मीटर चर बुजवला गेला तर थर झालेले नाहीत, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. पण चाचणी मागावीच : घनता प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या किमान ९५ टक्के, आणि वरच्या अर्ध्या मीटरमध्ये ९७.

वरचा थर देताना चराच्या दोन्ही कडांपासून ३० सेंटिमीटर बाहेर कटरने सरळ रेघ कापायची. खोदताना कडेचा जुना रस्ताही आतून सैल झालेला असतो, तो तसाच ठेवला की सांधा उघडतो. कापलेल्या उभ्या कडांनाही टॅक कोट (नवा थर जुन्याला चिकटवणारे पातळ डांबर) लावायचा. तीन मीटरपेक्षा खोल मलवाहिनी असेल तर एक पावसाळा तात्पुरत्या थरावर काढावा, बसायचे ते बसू द्यावे आणि पुढच्या हंगामात कायमचे डांबर करावे.

प्रश्न : आमच्या भागात दर हॉटमिक्सनंतर रस्ता वर येतो. आजोबांच्या काळी रस्त्यावरून घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत, आता एक उरली आहे. मुसळधार पावसात आणि भरतीच्या वेळी पाणी दारात येते. आता पुन्हा हॉटमिक्स मंजूर झाले आहे. ते थांबवावे का? (एक वाचक, मळा, पणजी)

उत्तर : थांबवू नका, अट घाला. दर वेळी ३० ते ४० मिलिमीटर म्हणजे चार वेळा मिळून १२ ते १६ सेंटिमीटर. फुटपाथचा कर्ब (कडेचा दगड) साधारण १५ सेंटिमीटर उंच असतो, तो इथेच संपतो. अट ही : जितका नवा थर, किमान तितके मिलिंग. मिलिंगचे यंत्र जुने डांबर ठरावीक खोलीने खरवडते. निघालेला माल टाकाऊ नसतो, तो साइडपट्टीला किंवा खालच्या थरात वापरता येतो. म्हणून त्याचा हिशेब वहीत आला पाहिजे.

काम सुरू होण्याआधी लेव्हलचे कागद मागा. दर दहा मीटरवर रस्त्याचा मध्य, दोन्ही कडा, गटाराचा तळ आणि प्रत्येक घराचा उंबरठा, यांच्या उंच्या एकाच खुणेपासून मोजलेल्या हव्यात. सर्वांत खालच्या उंबरठ्यापासून रस्त्याची तयार कड निदान १५ सेंटिमीटर खाली राहील असे उलटे मोजत यायचे आणि त्यातून किती खरवडायचे ते ठरवायचे. तेवढे खरवडल्यावर जर खडीचा पाया उघडा पडत असेल तर ते काम हॉटमिक्सचे उरत नाही, पुनर्बांधणीचे होते. अंदाजपत्रक त्याप्रमाणे बदलावे लागेल.

आता पाणी. रस्ता खाली गेला आणि गटार तेच राहिले तर फक्त पाणी साचण्याची जागा बदलेल. गणित अवघड नाही. दोन हेक्टर वस्ती, बहुतेक छपरे आणि फरशा, म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी ८० टक्के वाहून येते असे धरू. तासाला ८० मिलिमीटरच्या सरीत सेकंदाला सुमारे ३५० लिटर पाणी गटारात येते. ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढेच खोल गटार, २०० मीटरला एक मीटर उतार, २५ सेंटिमीटर भरून वाहिले तर नेते सेकंदाला सत्तर-पंच्याहत्तर लिटर. म्हणजे पाचवा हिस्सा. तेच गटार ६० सेंटिमीटर रुंद आणि ६० खोल असेल आणि ४५ सेंटिमीटर भरून वाहत असेल तर चारशे लिटर नेते. रुंदी आणि खोली दोन्ही दुप्पट केल्याने काम पाचपटीहून जास्त होते. पण गटारात तळाला २० सेंटिमीटर गाळ असला किंवा मध्येच पाण्याच्या पाइपने ते अडवले असले तर हे सगळे कागदावरच राहते. पाइप गटारातून ओढायचा नाही, हे कोणीच का ऐकत नाही हे आम्हाला कळलेले नाही.

मळ्यासारख्या सखल भागात शेवटचा अडथळा भरतीचा. खाडीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर गेली की गटार उलटे वाहते. तिथे तोंडाला एकतर्फी झडप लागते, आपल्या खाजनातल्या (खाडीकाठच्या बांधलेल्या शेतातल्या) मानशीच्या दरवाजासारखी, आणि भरती व सर एकाच वेळी आली तर पाणी साठवायला जागा किंवा उपसायला पंप लागतो. झडपेत प्लास्टिक अडकले की ती उघडीच राहते, म्हणून मे महिन्यात आणि पावसात दर पंधरवड्याला साफसफाई. ही जबाबदारी कोणाची, हे कामाच्या कागदात नाव घालून लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या वाड्यावर रात्री हॉटमिक्स पडते आणि सकाळी कंत्राटदार गेलेला असतो. आम्हाला अभियांत्रिकी कळत नाही. काय पाहावे? (दोन वाचक, फोंडा आणि कुर्टी)

उत्तर : रात्रीचे काम वाईटच असते असे नाही, वाहतूक कमी असते. पण पाहणारे हवेत. चार गोष्टी पुरेत.

पहिली, माल किती आला. रस्ता ४०० मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, म्हणजे १,८०० चौरस मीटर. दाबलेला थर ३० मिलिमीटर, म्हणजे ५४ घनमीटर. दाबलेल्या बिटुमिनस काँक्रीटचे (म्हणजे या हॉटमिक्सचे) वजन घनमीटरला सुमारे २.४ टन, म्हणजे जवळपास १३० टन. टिपरमध्ये १० टन धरले तर १३ टिपर. आठ टिपरांत काम आटोपले तर सरासरी थर साडेअठरा मिलिमीटरच झाला. प्रत्येक टिपरची वजनपावती असते, तिचा फोटो घ्या. जुना रस्ता वरखाली असेल तर खोलगट जागा भरायला अंदाजपत्रकात वेगळा समतल थर असावा लागतो. तो नसेल तर सरासरी ३० असूनही उंचवट्यांवर १५ मिलिमीटरच उरतो आणि तिथूनच पापुद्रे निघू लागतात.

दुसरी, टॅक कोट. आधी रस्ता खरोखर झाडलेला हवा. आपल्याकडची लाल धूळ झाडूने निघत नाही, कॉम्प्रेसरची हवा लागते. मग इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या रस्त्याला ४५० किलो, दोनशे किलोची सव्वादोन पिंपे. फवारल्यावर ते तपकिरी दिसते, पाणी उडाले की काळे होते. काळे झाल्यावरच माल पडायला हवा. मगाने किंवा डब्याने इथे-तिथे शिंतोडे मारून झाले असतील तर नवा थर जुन्याला चिकटतच नाही, उतारावर ब्रेक मारताना चंद्रकोरीसारखा सरकतो.

तिसरी, उष्णता. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश आणि माल ९० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी रोलिंग पुरे व्हायला हवे. साइटवर थर्मामीटर असलाच पाहिजे, मागून पाहा. मालातून निळा धूर येत असेल तर तो जास्त तापवून जाळला आहे. टिपरमधल्या मालावर कडक कवच आले असेल तर वाटेत थंड झाला आहे. थंड माल कितीही रोलर फिरवला तरी दबत नाही, त्यात पोकळ्या राहतात आणि पाणी शिरते. ३० मिलिमीटरचा पातळ थर रात्रीच्या वाऱ्यात भराभर निवतो, म्हणून रोलर पसरणाऱ्या यंत्राच्या मागोमाग हवा. चहाला गेलेला रोलरचालक रस्त्याचे आयुष्य कमी करतो, हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. रोलिंग कडेकडून मध्याकडे.

चौथी, उतार. साडेचार मीटरच्या रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत साडेपाच सेंटिमीटर उतरण हवी. दोरी ताणून पट्टीने मोजता येते. आणि कडेची साइडपट्टी डांबरापेक्षा वर असेल, गवत वाढलेले असेल, तर तो उतार निरुपयोगी. पाणी कडेलाच थांबते आणि रस्ता कडेकडून खाते.

नंतर शंका राहिली तर माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तकाची प्रत, डांबराच्या प्रमाणाचा आणि कोअरच्या (रस्त्यातून कापून काढलेल्या नमुन्याच्या) घनतेचा अहवाल मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. दोषदायित्वाचा कालावधी किती हेही त्यातच कळते. त्या काळात पडलेला खड्डा कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने भरायचा असतो, पालिकेने नव्या निविदेतून नव्हे.

प्रश्न : पेव्हर ब्लॉक, काँक्रीट की डांबर? पंचायत विचारते आहे. (एक वाचक, डिचोली तालुका)

उत्तर : पाइपांची कामे शिल्लक असतील तर ब्लॉक, कारण ते उचलून पुन्हा बसवता येतात. गाड्या आणि अधूनमधून टिपर जात असेल तर ८० मिलिमीटर जाड, एम-४० दर्जाचे. ६० मिलिमीटरचे अंगणासाठी ठीक. खाली दाबलेल्या खडीचा पाया, त्यावर ३० मिलिमीटर वाळू, आणि दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब. कर्ब नसला की ब्लॉक बाजूला सरकतात, सांधे उघडतात आणि पावसात वाळू वाहून जाते. तीव्र उतारावर ब्लॉक टाळा.

अरुंद, उताराच्या, सावलीत सतत ओल्या राहणाऱ्या वाटेला काँक्रीट बरे. किमान १५० मिलिमीटर, एम-३०, अडीच ते चार मीटरवर सांधे, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कापलेले. उशीर झाला की काँक्रीट स्वतःच हवे तिथे फुटते. निदान १४ दिवस ओले ठेवायचे, गाड्या २८ दिवसांनी. वर झाडूने आडव्या रेघा, नाहीतर शेवाळावर दुचाकी घसरते. पाण्याची वाहिनी आधी बदलून घ्या, काँक्रीट एकदा फोडले की पूर्ववत होत नाही.

बाकी सगळीकडे डांबर.

प्रश्न : चतुर्थी तोंडावर आली की खड्ड्यांत चिऱ्यांचे तुकडे आणि बांधकामाचा राडारोडा टाकतात. पावसात दुसरा उपाय नाही का? (एक वाचक, कुडचडे)

उत्तर : आहे. खड्डा चौकोनी कापायचा, कडा उभ्या. पाणी आणि चिखल पूर्ण काढायचा. पिशवीतून मिळणारे कोल्डमिक्स चार-पाच सेंटिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर ठोकायचा, शेवटचा रस्त्यापेक्षा पाच मिलिमीटर वर. ही मलमपट्टी चवथ आणि दसरा निभावून नेते. चिऱ्याचे तुकडे चार दिवसांत चिखल होतात आणि जवळचे गटारही तुंबवतात.

प्रश्न : आमच्या कॉलनीचा रस्ता पंचायतीच्या यादीतच नाही म्हणतात. घरपट्टी मात्र घेतात. (एक वाचक, पर्वरी)

उत्तर : घरपट्टी आणि रस्त्याची मालकी या वेगळ्या गोष्टी. नगरनियोजन खात्याने मंजूर केलेल्या भूखंड आराखड्यात रस्ता दाखवलेला असतो, पण विकासकाने तो पंचायतीला लेखी हस्तांतरित केला नसेल तर जमीन अजून त्याच्याच नावावर राहते. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढून पाहा. मग गिफ्ट डीड (बक्षीसपत्र) करून घ्या, ग्रामसभेत ताबा घेण्याचा ठराव मांडा आणि रस्ता यादीत चढवून घ्या. वाट कोमुनिदादच्या (गावाच्या सामाईक मालकीच्या) किंवा भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीतून जात असेल तर त्यांचा लेखी ना हरकत दाखला आधी. फाटक लावून बाहेरच्यांना अडवणाऱ्या कॉलनीने सरकारी पैशाची आशा धरू नये.

प्रश्न : नव्या रस्त्यावर भरधाव गाड्या सुटतात म्हणून लोकांनी स्वतःच स्पीडब्रेकर घातला. तो काढा म्हणतात. (एक वाचक, काणकोण)

उत्तर : काढायलाच हवा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाप्रमाणे गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात जाते. लोकांनी घातलेला सहसा अर्धा मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. रुग्णवाहिकेतल्या रुग्णाची कंबर मोडते आणि वरच्या बाजूला पाणी साचून रस्ता उखडतो. पंचायतीमार्फत वाहतूक पोलीस आणि रस्त्याचे मालक खाते यांच्याकडे अर्ज करा. मंजूर झाला तर तो हॉटमिक्स चालू असतानाच, त्याच मालातून घालून घ्या, दोन्ही कडांना गटाराकडे पाणी जायला एक वीत मोकळी ठेवा, आणि पट्टे व आधीचा इशाराफलक त्याच दिवशी लावून घ्या.